असुरक्षित संबंधांनंतर एचआयव्ही टेस्ट नेमकी कधी करायची? आणि त्याआधीचे ७२ तास का महत्त्वाचे?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने लेनाकॅपाविर नावाच्या इंजेक्शनला मंजुरी दिली. वर्षातून दोनदा घ्यायचं आणि एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता जवळपास संपवायची, असं हे औषध. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. सप्टेंबरमध्ये आणखी एक घोषणा झाली: हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या त्याची जेनेरिक आवृत्ती बनवणार, किंमत वर्षाला साधारण ४० डॉलर, २०२७ पासून १२० देशांसाठी.

मथळा वाचून ही लस वाटू शकते. ती लस नाही, आधीपासून घ्यायचं प्रतिबंधक औषध आहे. म्हणजे ज्याला धोका आहे हे आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी.

पण बहुतेक लोकांच्या मनात हा प्रश्न आधी येतच नाही. तो येतो रविवारी सकाळी. आदल्या रात्री कंडोम फाटलेला असतो किंवा वापरलेलाच नसतो. मग दार लावून, मोबाईलचा ब्राइटनेस कमी करून सर्च केलं जातं, "एचआयव्ही टेस्ट किती दिवसांनी करावी?"

याचं थोडक्यात उत्तर असं. घटना घडून अजून ७२ तास झाले नसतील, तर टेस्टची तारीख शोधत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. ७२ तास उलटून गेले असतील, तर चांगल्या लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट ४५ दिवसांनी किंवा सरकारी केंद्रातली रॅपिड टेस्ट ३ महिन्यांनी. याआधी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, तरी ती त्या रात्रीबद्दल शेवटचा शब्द नसते.

असं का, ते आता सविस्तर पाहू.

७२ तास म्हटलं की आय-पिल आठवते. पेप का आठवत नाही?

संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी म्हटलं की भारतात जवळपास प्रत्येकाला आय-पिल आठवते. २००७ मध्ये सिप्लाने ती बाजारात आणली आणि टीव्हीवरच्या जाहिरातींनी ७२ हा आकडा घराघरांत पोचवला. पण ती गोळी गर्भधारणा रोखण्यासाठी आहे. एचआयव्हीपासून ती शून्य संरक्षण देते.

एचआयव्हीसाठीसुद्धा ७२ तासांचंच एक औषध आहे. त्याला पोस्ट एक्सपोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजेच पेप म्हणतात. धोका घडून गेल्यानंतर घ्यायचा प्रतिबंधक कोर्स. त्याची जाहिरात कधी कुठे लागली नाही. गंमत म्हणजे (खरं तर यात गंमत काहीच नाही) आय-पिल आणणारी सिप्ला ही तीच मुंबईची कंपनी आहे, जिने २००१ मध्ये एचआयव्हीवरचं तीन औषधांचं मिश्रण दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केलं आणि जगभरातल्या औषध कंपन्यांना घाम फोडला. औषध बनवण्यात देश कमी पडला नाही. त्याबद्दल सांगण्यात पडला.

मुंबईकरांना २००२ च्या अखेरीस शहरभर लागलेले होर्डिंग्ज आठवत असतील, "बलबीर पाशा को एड्स होगा क्या?" मोहीम गाजली. लोकलमध्ये, कट्ट्यावर बलबीर पाशाची चर्चा झाली. एड्सबद्दलच्या आपल्या जवळपास सगळ्या प्रचाराचा रोख असाच राहिला: कंडोम वापरा, नाहीतर होईल. पण नाही वापरला, तर पुढच्या तीन दिवसांत काय करायचं, हे बलबीर पाशाला कुणी सांगितलं नाही.

तर पेप म्हणजे काय? एचआयव्हीबाधित व्यक्तीला जी औषधं देतात, तीच औषधं २८ दिवस घ्यायची. भारतात सध्या त्यासाठी टीएलडी नावाची गोळी वापरली जाते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं एकाच गोळीत असतात. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी.

विषाणू शरीरात शिरल्यावर लगेच सगळीकडे पसरत नाही. सुरुवातीचे काही तास ते दोन-तीन दिवस तो शिरकावाच्या जागेजवळच्या पेशींमध्ये असतो. तिथून तो लसिका ग्रंथींपर्यंत आणि पुढे रक्तात पोचण्याआधी त्याची वाढ थांबवता आली, तर संसर्ग पक्का होत नाही. त्यामुळे ७२ तास ही शेवटची मुदत आहे, आरामात वापरायची सवलत नव्हे. पहिल्या दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, २४ तासांत चांगलं, आणि तिसऱ्या दिवशी "अजून वेळ आहे" म्हणणं धोक्याचं.

शनिवारी रात्री ११ वाजताची घटना असेल, तर मुदत मंगळवारी रात्री ११ ला संपते. मधला रविवार सुट्टीचा. सोमवारी हिंमत गोळा करण्यात दिवस जातो. मंगळवारी लॅबमध्ये जाऊन टेस्ट केली जाते, ती निगेटिव्ह येते, जीव भांड्यात पडतो. आणि त्याच रात्री पेपची मुदत संपते. ती निगेटिव्ह टेस्ट शनिवारबद्दल काहीच सांगत नसते.

मग पेप मिळतं कुठे?

इथे थोडी अडचण आहे. सरकारी रुग्णालयांत, मेडिकल कॉलेजांत आणि एआरटी केंद्रांत ही औषधं असतात. सुई टोचलेल्या नर्सला किंवा ऑपरेशनमध्ये हात कापलेल्या डॉक्टरला रात्री दोन वाजताही डोस मिळावा, यासाठी ती कॅज्युअल्टीत उपलब्ध ठेवायची असतात. लैंगिक अत्याचारानंतर आलेल्या व्यक्तीलाही ती दिली जातात. अशा व्यक्तीवर तातडीने मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि आधी पोलीस तक्रार हवी अशी अट घालता येत नाही.

प्रश्न येतो तो संमतीने झालेल्या संबंधांचा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, हिच्या पेपविषयक धोरणाचा भर आरोग्य कर्मचारी आणि अत्याचारग्रस्त यांच्यावर राहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१४ पासूनच धोका कशामुळे घडला यावरून भेद करू नका, असं सांगितलं आहे. विषाणूला संमती कळत नाही, सुई कळत नाही. त्यामुळे कंडोम फाटला म्हणून सरकारी दवाखान्यात गेलेल्याला एखाद्या ठिकाणी औषध सहज मिळतं, तर दुसऱ्या ठिकाणी "हे तुमच्यासाठी नाही" असं ऐकावं लागतं. असं झालं तर तिथे वाद घालण्यात तास घालवू नयेत. एचआयव्ही किंवा संसर्गजन्य आजारांवर उपचार करणाऱ्या खासगी डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शन घेता येतं. गोळी भारतातच बनते. कुठे जायचं हे कळत नसेल तर नॅकोची १०९७ ही टोल-फ्री हेल्पलाइन २४ तास चालू असते.

डॉक्टर सुरुवातीलाच एचआयव्ही टेस्ट करतात. ती पाहते ती आधीची स्थिती, म्हणजे त्या रात्रीच्या आधीपासूनच लागण आहे का. रिपोर्ट यायला उशीर होणार असेल, तर त्यासाठी पहिला डोस थांबवायचा नसतो. हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडाची तपासणीही होते, कारण या गोळीतली औषधं दोन्हींशी संबंधित आहेत. मळमळ, झोप नीट न लागणं असे त्रास काहींना होतात, बहुतेकांचे आठवड्याभरात कमी होतात. कोर्स मध्येच सोडला तर त्याचा उपयोग राहत नाही. मित्राच्या उरलेल्या गोळ्या, अर्धा डोस, "पाच दिवस घेतल्या, बस झालं" हे प्रकार टाळलेले बरे.

टेस्ट दुसऱ्या दिवशी का चालत नाही?

बहुतेक लोकांना वाटतं की एचआयव्ही टेस्ट रक्तात विषाणू शोधते. नेहमीची टेस्ट तसं करत नाही. घरात चोरी झाली का, हे ठरवण्यासाठी चोर पकडण्याऐवजी पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदली गेली आहे का, ते बघण्यासारखं हे आहे. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी म्हणजे ती एफआयआर. चोरी होऊन गेलेली असते, पण तक्रार नोंदवायला शरीराला काही आठवडे लागतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात.

टेस्टचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि प्रत्येकीची खिडकी वेगळी आहे.

सरकारी केंद्रांत प्रामुख्याने वापरली जाते ती रॅपिड अँटिबॉडी टेस्ट. ती फक्त अँटिबॉडी पाहते. संसर्गानंतर २३ ते ९० दिवसांत ती पॉझिटिव्ह होऊ शकते. म्हणून ३ महिने.

लॅबमध्ये शिरेतून रक्त काढून होणारी चौथ्या पिढीची टेस्ट अँटिबॉडीसोबत पी-२४ नावाचं विषाणूचं स्वतःचं प्रथिनही शोधते. रिपोर्टवर तिचा उल्लेख कॉम्बो, ड्युओ किंवा अँटिजेन-अँटिबॉडी असा असतो. पी-२४ अँटिबॉडीच्या आधी रक्तात दिसतं, त्यामुळे तिची खिडकी १८ ते ४५ दिवसांची. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर केलेल्या कॉम्बो किटला मात्र हा हिशेब लागू होत नाही. तिथे ९० दिवसच धरावेत.

तिसरी टेस्ट थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते. तिला नॅट किंवा पीसीआर म्हणतात. १० ते ३३ दिवसांत ती संसर्ग पकडू शकते. महाग आहे, आणि एरवी धोका कमी असलेल्या माणसाने नुसत्या घाबरण्यापोटी करावी अशी ती नाही. कित्येक खासगी पॅकेजमध्ये ती "सर्वांत लवकर खात्री" म्हणून विकली जाते. पण दहाव्या दिवशी निगेटिव्ह आलेली पीसीआर पुढच्या टेस्टपासून सुटका करत नाही, ही गोष्ट त्या जाहिरातीत बारीक अक्षरांतही नसते.

विंडो पिरियड ही काही फक्त पुस्तकातली कल्पना नाही. पुण्यात ती प्रत्यक्ष मोजली गेली आहे. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह असलेल्या जवळपास ३,९०० रुग्णांचं रक्त राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी पी-२४ साठी तपासलं. त्यात ५८ जण सापडले. त्यांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट आला असता आणि रक्तात एचआयव्ही होता. १९९७ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

आणि हाच काळ सर्वांत जास्त संसर्गजन्य असतो. पहिल्या काही आठवड्यांत शरीराचा प्रतिकार उभा राहिलेला नसतो, रक्तात विषाणूचं प्रमाण प्रचंड असतं आणि टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शेवटची टेस्ट होईपर्यंत जोडीदारासोबत कंडोम वापरणं भाग आहे, लग्नाच्या जोडीदारासोबतही. हे घरात कसं सांगायचं, हा अनेकांसाठी विषाणूपेक्षा अवघड प्रश्न असतो. आयसीटीसीमधल्या समुपदेशकाशी तेही बोलता येतं, त्यांच्याकडे येणारी ती पहिली केस नसते.

कॅलेंडरवर कोणत्या तारखा टाकायच्या?

समजा घटना १ मार्चच्या रात्रीची आहे. पेपची मुदत ४ मार्चच्या रात्री संपेल. पेप घेतलं नसेल तर लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट १५ एप्रिलला केली की ४५ दिवस पूर्ण होतात. ब्रिटनमधले तज्ज्ञ या टेस्टचा ४५ दिवसांनंतरचा निगेटिव्ह निकाल पक्का मानतात. सरकारी केंद्रातल्या रॅपिड टेस्टसाठी १ जून. आपल्याकडे लॅबच्या रिपोर्टवर टेस्टची पिढी नेहमी स्पष्ट लिहिलेली नसते, त्यामुळे शंका असेल तर ३ महिन्यांची तारीख धरणं सुरक्षित.

पेप घेतलं असेल तर गणित बदलतं. औषधांमुळे विषाणूची वाढ दबून राहू शकते आणि टेस्ट पॉझिटिव्ह व्हायला उशीर लागू शकतो. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार ४५ दिवस घटनेपासून नाही, तर कोर्स संपल्यापासून मोजायचे. २ मार्चला सुरू केलेला २८ दिवसांचा कोर्स २९ मार्चला संपेल, म्हणजे टेस्ट १३ मेच्या आधी नाही. भारतात डॉक्टर सहसा ६ आठवड्यांनी आणि ३ महिन्यांनी बोलावतात. तुमच्या डॉक्टरने वेगळी तारीख दिली असेल, तर ती पाळा.

सिफिलिस, गनोरिया, हिपॅटायटिस यांच्या टेस्टचं वेळापत्रक वेगळं असतं. तेही त्याच भेटीत विचारून घ्यावं, कारण असुरक्षित संबंधांतून हे आजार एचआयव्हीपेक्षा सहज पसरतात आणि त्यांच्याबद्दल रविवारी सकाळी कुणी सर्च करत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा?

रिपोर्टवर "नॉन-रिअॅक्टिव्ह" लिहिलं असेल तर अर्थ निगेटिव्ह. अनेक लॅब त्यापुढे एक आकडाही देतात, ०.१२ किंवा ०.३१ असा. मग "आधी ०.१२ होता, आता ०.३१ झाला, वाढतोय का?" अशी धडकी भरते. हा आकडा मशीनने मोजलेल्या सिग्नलचा आहे. साधारणपणे १ च्या खाली असेल तो निगेटिव्ह. ०.१२ आणि ०.३१ मध्ये काहीही फरक नाही. तो धोक्याचा काटा नव्हे.

उलट, "रिअॅक्टिव्ह" म्हणजे लगेच एचआयव्ही असं धरून कुणी टोकाचं काही करू नये. भारतात प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्के आहे. समजा एखादी टेस्ट हजार निरोगी माणसांपैकी फक्त पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. सरसकट १० हजार लोकांची टेस्ट केली, तर त्यात खरे बाधित २० सापडतील आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले सुमारे ५०. म्हणजे टेस्ट चांगली असूनही एकट्या निकालावर विसंबता येत नाही. म्हणूनच सरकारी केंद्रात पहिली टेस्ट रिअॅक्टिव्ह आली तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन टेस्ट केल्या जातात आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच निदान नक्की होतं. खासगी लॅबमधून एकच रिअॅक्टिव्ह रिपोर्ट घेऊन आलेल्या प्रत्येकाने आयसीटीसीत जाऊन खात्री करून घ्यावी.

एका वेळच्या संबंधांतून धोका किती?

जोडीदार एचआयव्हीबाधित आहे, उपचार घेत नाही आणि कंडोम नाही, असं धरलं तर योनीमार्गातल्या संबंधांत स्त्रीला लागण होण्याची शक्यता १० हजारांत साधारण ८, पुरुषाला ४. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला १० हजारांत १३८, दुसऱ्याला ११. मुखमैथुनातून धोका फार कमी. चुंबन, मिठी, एकाच ताटात जेवण, डास यांतून शून्य.

हे आकडे वाचून दोन टोकांची माणसं तयार होतात. एक म्हणतो, "दहा हजारांत चार? मग काय टेन्शन!" हे सरासरी आकडे आहेत. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, किंवा जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. दुसरा माणूस सहा टेस्ट निगेटिव्ह येऊनही सातवी बुक करतो. ताप, घसा, अंगावर पुरळ, जिभेवर पांढरा थर, जे दिसेल ते गुगलवर टाकतो. सुरुवातीच्या एचआयव्हीची लक्षणं साध्या व्हायरल तापासारखीच असतात आणि काहींना काहीच लक्षण दिसत नाही, त्यामुळे लक्षणांवरून ना निदान होतं, ना सुटका. योग्य मुदतीनंतरची एक टेस्ट ही त्या सगळ्या सर्चपेक्षा जास्त सांगते. ती निगेटिव्ह आल्यावरही भीती जात नसेल, तर गरज रक्ताच्या टेस्टची नाही, मानसोपचारतज्ज्ञाची आहे.

आणि जोडीदार बाधित आहे पण नियमित औषध घेतो, त्याच्या रक्तातलं विषाणूचं प्रमाण टेस्टमध्ये दिसणार नाही इतकं कमी आहे, तर? तर लैंगिक संबंधांतून त्याच्यापासून लागण होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या संशोधनात पुण्याचाही वाटा आहे. २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या एचपीटीएन ०५२ या नऊ देशांतल्या अभ्यासात १,७६३ जोडपी होती, त्यातली काही पुण्यातली आणि चेन्नईतली. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. नंतरच्या अभ्यासांनी उरलेली शंकाही दूर केली.

टेस्टला जायची भीती कुठून आली?

ही भीती नुसती मनातली नाही, तिला इतिहास आहे. १९८९ मध्ये गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं होतं. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यात तशी तरतूदच होती. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटकेनंतर डॉमिनिक यांनी बाधितांच्या हक्कांसाठी काम केलं. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज कायदा नेमका उलटा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही. निकाल गुप्त ठेवावा लागतो. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत एचआयव्हीमुळे भेदभाव करणं बेकायदा आहे. कायदा झाला म्हणून गावातल्या लॅबवाल्याचं तोंड बंद राहतंच असं नाही, हे खरं. ज्यांना ही धास्ती आहे ते शेजारच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी टेस्ट करून घेतात. त्यात गैर काहीच नाही.

आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, जिल्हा रुग्णालयांत, मेडिकल कॉलेजांत आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत असतं. टेस्ट मोफत. आधी समुपदेशक बोलतो, मग रक्त घेतात, निकालही समुपदेशकच सांगतो, बहुधा त्याच दिवशी. घटना कधीची आहे हे त्याला खरं सांगणं गरजेचं आहे, कारण तारखेशिवाय निकालाचा अर्थ लावता येत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी करू नये. टेस्ट फुकटात आणि गुपचूप होईल म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन बसणं. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी होते, पण विंडो पिरियडमधलं रक्त त्यातून निसटू शकतं. नॅट तपासणी सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. ती पिशवी थॅलेसेमियाच्या एखाद्या मुलाला किंवा बाळंतिणीला चढवली जाते.

८१, ८८ आणि ९७

२०२३ च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि संख्येने सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्या वर्षात साधारण ६८ हजार नवे संसर्ग झाले. २०१० च्या तुलनेत ही संख्या ४४ टक्क्यांनी कमी आहे, आणि ही घट जागतिक सरासरीपेक्षा जास्त आहे.

जगाने ठरवलेलं लक्ष्य ९५-९५-९५ असं आहे. बाधितांपैकी ९५ टक्क्यांना आपली स्थिती माहीत हवी, त्यातले ९५ टक्के उपचारांवर हवेत, आणि त्यातल्या ९५ टक्क्यांचा विषाणू औषधाने दबलेला हवा. भारताचे आकडे ८१, ८८ आणि ९७. म्हणजे जे उपचारापर्यंत पोचतात त्यांच्या बाबतीत लक्ष्य ओलांडलं आहे. २००४ पासून औषध मोफत आहे, २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू होतात. अडलंय ते पहिल्या आकड्यावर. जवळपास पाचातल्या एकाला आपल्याला एचआयव्ही आहे हे ठाऊकच नाही.

या पाचव्या माणसापर्यंत पोचणं अवघड आहे, कारण देशाचा एड्स कार्यक्रम मुख्यतः जोखीम गटांभोवती उभा राहिला: सेक्स वर्कर, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकचालक, स्थलांतरित कामगार. त्या वस्त्यांत संस्था जातात, सहा महिन्यांनी टेस्ट होते. डेटिंग अॅपवर भेटलेला आयटीतला मुलगा, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली करून राहिलेली मुलगी, गावाकडून महिन्याला एकदा घरी येणारा नवरा आणि त्याची बायको, यांच्या दारात कुणी समुपदेशक जात नाही. ती माणसं स्वतःला कोणत्याच जोखीम गटात धरत नाहीत. त्यांची टेस्ट होते ती गरोदरपणात, ऑपरेशनच्या आधी, किंवा टीबी झाल्यावर. तोवर काही वेळा पाच-सात वर्षं उलटलेली असतात आणि प्रतिकारशक्ती खालावलेली असते.

त्यामुळे रविवारी सकाळच्या त्या सर्चला जे पहिलं उत्तर मिळतं, त्याला महत्त्व आहे. "३ महिन्यांनी टेस्ट करा" हे उत्तर चूक नाही. पण घटनेला अजून ७२ तास झाले नसतील, तर ते अर्धंच उत्तर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची मुदत मंगळवारी रात्री संपते.